ऑक्टोबरात खोली कोणाची? : पेडणे-डिचोलीतील स्टुडिओ सदनिकांच्या भाड्याची घडण

पेडणे तालुक्याच्या किनारपट्टीवर, मोरजी, आश्वे किंवा मांद्रे येथे, एकट्याला राहण्यापुरती लहान सदनिका भाड्याने शोधणाऱ्याला दोन गोष्टींचे कोडे पडते. पहिली गोष्ट अशी की, दोन खोल्यांच्या सदनिकेपेक्षा निम्म्या आकाराच्या जागेचे भाडे निम्मे नसते, ते निम्म्याहून बरेच जास्त असते. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक वाटते : हीच जागा जून महिन्यात घासाघीस करून मिळते, पण ऑक्टोबर जवळ आला की तिचे भाडे एकदम चढते किंवा ती भाडेकरूला रिकामी करून द्यावी लागते. भिंती त्याच, ओटा तोच, खिडकीतून दिसणारे माडही तेच. मात्र तेथून अंतर्भागात डिचोली किंवा साखळीकडे गेले, तर तेवढ्याच आकाराच्या खोलीचे भाडे जूनमध्ये जेवढे असते साधारण तेवढेच ऑक्टोबरातही राहते. भाडे म्हणजे जागेच्या क्षेत्रफळाची किंमत, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खरी असती, तर यांतले काहीच घडले नसते. भाडे कोणकोणत्या घटकांनी बनते, हे एकदा उलगडले की दोन्ही कोडी सुटतात, आणि करारावर सही करण्यापूर्वी नेमके काय विचारायचे तेही कळते.

स्टुडिओ म्हणजे काय, आणि किती

एकाच खोलीत झोपणे, बसणे आणि स्वयंपाक, आणि त्याला जोडून स्वतंत्र न्हाणीघर व शौचालय, अशा रचनेला स्टुडिओ सदनिका म्हणतात. चित्रकाराच्या किंवा शिल्पकाराच्या कार्यशाळेला असलेले हे नाव पुढे राहत्या जागेला चिकटले. महाराष्ट्रातील शहरांत ज्याला ‘वन आरके’ म्हणतात त्याच्याशी स्टुडिओचे जवळचे नाते असले, तरी दोहोंत एक भिंतीचा फरक आहे : ‘वन आरके’मध्ये स्वयंपाकघर वेगळे असते, स्टुडिओत ओटा खोलीतच असतो. हा एका भिंतीचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, परंतु कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तो किती महत्त्वाचा ठरतो, ते पुढे येईलच.

गोव्यात पोर्तुगीज राजवटीपासून मेट्रिक मापन रुजलेले असल्यामुळे जमीन आणि घर दोन्हीही चौरस मीटरमध्ये सांगितली जातात. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. जाहिरातीत दिलेला आकडा मात्र कोणत्या मापाचा आहे, ते विचारल्याशिवाय कळत नाही. स्थावर मालमत्तेसंबंधीच्या २०१६ च्या केंद्रीय कायद्याने, म्हणजे ज्याला सर्वजण ‘रेरा’ म्हणतात त्याने, कार्पेट एरियाची व्याख्या ठरवून दिली आहे. आतील वापरता येण्याजोगी जागा आणि आतल्या आडभिंती तिच्यात धरतात. बाहेरच्या भिंती, पाइपांसाठी सोडलेली पोकळी आणि बाल्कनी धरत नाहीत. हा कायदा मुख्यतः विक्रीसाठी आहे, तरी भाड्याने घेणाऱ्यालाही ही व्याख्या मोजपट्टी म्हणून वापरता येते. जिना, लिफ्ट आणि व्हरांडा यांचा वाटा मिळवून सांगितलेल्या ४२ चौरस मीटरांतून प्रत्यक्ष चटई अंथरण्याजोगे ३० च निघाले, तर प्रत्येक मीटरचे खरे भाडे त्याच प्रमाणात वाढलेले असते.

चूल एकच पेटवावी लागते

आता पहिले कोडे. स्वयंपाक एकाचा असो की चौघांचा, चूल एकच पेटवावी लागते, आणि एकट्याच्या भाताला लागणारे सरपण चौघांच्या भाताच्या चौथ्या हिश्श्याइतके नसते. घराचेही तसेच आहे. घराच्या खर्चाचे दोन भाग पडतात : एक भाग क्षेत्रफळाबरोबर वाढतो, म्हणजे भिंती, फरशी, छप्पर आणि रंग; दुसरा भाग घर लहान असो की मोठे, जवळपास तेवढाच राहतो, म्हणजे न्हाणीघर, शौचालय, ओट्याचे नळकाम, विजेचा मीटर, मुख्य दरवाजा आणि वाहनतळावरील जागा. अर्थशास्त्रात या दुसऱ्या भागाला स्थिर खर्च म्हणतात.

समजुतीसाठी काही आकडे घेऊ. बांधकामाचा क्षेत्रफळानुसार खर्च चौरस मीटरला ३०,००० रुपये आणि न्हाणीघर-ओटा-वीज यांचा ठरावीक खर्च ४ लाख रुपये धरला, तर ३० चौरस मीटरच्या स्टुडिओचा एकूण खर्च १३ लाख होतो, म्हणजे मीटरमागे सुमारे ४३,३०० रुपये. ६० चौरस मीटरच्या सदनिकेचा खर्च २२ लाख होतो, म्हणजे मीटरमागे सुमारे ३६,७०० रुपये. आकार निम्मा झाला, पण खर्च निम्मा झाला नाही, आणि गुंतवलेल्या पैशावर मालकाला जो परतावा हवा असतो तो खर्चाच्या प्रमाणात मागितला जातो.

यात आणखी दोन गोष्टी भर घालतात. स्टुडिओत राहणारा बहुधा एकटा असतो, नोकरी बदलली की जागा बदलतो, त्यामुळे दर वेळी दलालाची दलाली, रंगसफेदी आणि मध्ये रिकामा जाणारा महिना यांचा बोजा मालक भाड्यात आधीच मिळवून ठेवतो. शिवाय बाजारात मागणी मीटरच्या दरावर ठरत नाही, महिन्याच्या एकूण रकमेवर ठरते. दरमहा मोजकीच रक्कम खिशात असलेल्या माणसांची संख्या मोठ्या सदनिकेच्या गिऱ्हाइकांपेक्षा कितीतरी अधिक असते, आणि त्या सर्वांची चढाओढ लहान जागेसाठीच होते.

स्थिर खर्चाचे हे ओझे हलके करण्याची एक जुनी गोमंतकीय रीत येथे आठवणे सयुक्तिक ठरेल. कोंकणीत खोलीला ‘कूड’ म्हणतात, आणि मुंबईत धोबीतलाव परिसरात नोकरीसाठी किंवा जहाजावर चढण्यासाठी गेलेल्या गोमंतकीयांनी आपापल्या गावांच्या नावाने ज्या संस्था उभ्या केल्या, त्यांनाही कूड असेच म्हटले जाई. एका मोठ्या खोलीत भिंतीला लावलेल्या पेट्या, रात्री अंथरलेल्या वळकट्या आणि सर्वांना मिळून एकच न्हाणीघर, अशा व्यवस्थेत स्थिर खर्च अनेकांत वाटला जाई, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला अगदी थोडी रक्कम येई. स्टुडिओ हे त्याचे नेमके उलटे टोक आहे : एकांत मिळतो, आणि त्या एकांतासाठी संपूर्ण न्हाणीघराची किंमत एकट्याने मोजावी लागते.

रस्त्याच्या अंतराची किंमत

जागेचे मोल ती कोठे आहे यावर कसे अवलंबून असते, याचा पद्धतशीर विचार प्रथम शेतीच्या संदर्भात झाला. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली सुपीक जमिनीचा खंड निकस जमिनीच्या तुलनेने कसा ठरतो ते मांडले. योहान हाइनरिख फोन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ मध्ये असे दाखवले की, दोन जमिनी सारख्याच सुपीक असल्या तरी बाजारपेठेजवळच्या जमिनीचा खंड अधिक असतो, कारण तेथे मालवाहतुकीचा खर्च वाचतो आणि वाचलेला पैसा खंडात उतरतो. विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये हाच विचार शहरांना लावला. नोकरीच्या, बाजाराच्या किंवा करमणुकीच्या केंद्रापासून दूर जावे तसे भाडे उतरत जाते, कारण दूर राहणारा भाड्यात जे वाचवतो ते प्रवासात घालवतो.

मोपा विमानतळावर काम करणारा एखादा कर्मचारी २० किलोमीटरवरून दुचाकीने येत असेल, तर महिन्याच्या २६ दिवसांत त्याचा १,०४० किलोमीटर प्रवास होतो. किलोमीटरमागे अडीच रुपये धरले, तर २,६०० रुपये खर्च होतात, आणि रोजचा तासाभराचा वेळ जातो तो वेगळा. विमानतळाशेजारची खोली तेवढ्या रकमेने महाग असली, तरी त्याच्या दृष्टीने ती महाग नसते. पणजीत आल्तिनो, मिरामार किंवा दोना पावला येथील भाडी चढी असण्यामागे नदी व समुद्र यांच्या सान्निध्याबरोबर हेही कारण आहे की, कचेऱ्या आणि बाजार तेथून जवळ आहेत.

पेडण्याचे वैशिष्ट्य असे की, तेथे केंद्र एक नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ताब्यात आलेला हा प्रदेश डिचोली आणि सत्तरीप्रमाणेच ‘नव्या काबिजादी’त मोडत असे, आणि बार्देश-तिसवाडीच्या मानाने तो दीर्घकाळ शेती-बागायतीचाच राहिला. पुढे मोरजी, मांद्रे, हरमल ही किनाऱ्यावरची गावे पर्यटकांनी, विशेषतः रशियातून येणाऱ्यांनी, आपलीशी केली आणि किनारा हे भाड्याचे पहिले केंद्र बनले. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली; त्यासोबतच धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय उभे राहिले. अशा रीतीने पठारावर दुसरे केंद्र तयार झाले, आणि आता धारगळ, विर्नोडा किंवा पेडणे शहर यांसारख्या मधल्या ठिकाणांवर दोन्ही बाजूंनी मागणी येते. किनाऱ्याजवळ नवे बांधकाम वाढवून ही मागणी भागवावी म्हटले, तर तेथे किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत, आणि मोरजी व मांद्रे येथील पुळणीवर सागरी कासवे अंडी घालतात म्हणून तेथील काही भाग विशेष संरक्षित आहे. ते संरक्षण आवश्यकच आहे. परंतु पुरवठा बांधलेला आणि मागणी वाढती असली की भाडे चढते, एवढा त्याचा हिशेब भाडेकरूने ध्यानात ठेवावा.

ऑक्टोबरचे गणित

दुसऱ्या कोड्याचे उत्तर एका संकल्पनेत आहे, जिला अर्थशास्त्रात संधित्याग खर्च म्हणतात : एखादी वस्तू एका कामाला लावली म्हणजे दुसऱ्या कामातून मिळाले असते ते उत्पन्न सोडावे लागते, आणि सोडलेले ते उत्पन्नच त्या वस्तूची खरी किंमत ठरते. ज्या शेतात भाताऐवजी मिरची घेता आली असती, त्या शेतातला भात मिरचीच्या हिशेबाने महाग पडतो. किनाऱ्यावरच्या स्टुडिओचे तसेच आहे. स्थानिक शिक्षिकेला किंवा परिचारिकेला तो बारा महिन्यांसाठी देताना मालक मनातल्या मनात पर्यटकाकडून मिळणाऱ्या उत्पन्नाशी तुलना करत असतो.

पुन्हा समजुतीपुरते आकडे घेऊ. ऑक्टोबर ते मार्च हा सुमारे १८० दिवसांचा हंगाम. त्यात १०० पैकी ६० रात्री, म्हणजे एकूण १०८ रात्री, खोली भरली आणि रात्रीला २,५०० रुपये मिळाले, तर २,७०,००० रुपये जमा होतात. चादरी, साफसफाई, वीज आणि संकेतस्थळाचे कमिशन यांत ४० टक्के गेले, तर हातात १,६२,००० उरतात. उरलेल्या १८५ दिवसांत १०० पैकी २० च रात्री, म्हणजे ३७ रात्री, आणि त्याही १,२०० रुपयांनी गेल्या, तर खर्च वजा जाता २६,६४० रुपये उरतात. वर्षाचे एकूण १,८८,६४० रुपये, म्हणजे महिन्याला १५,७२० रुपये. बारमाही भाडेकरूने साधारण एवढे दिले, तरच मालकाला पर्यटक सोडणे परवडते. भाडेकरूमुळे वाचणारी दगदग जमेस धरली तर तो थोडे कमी घेईल, इतकेच.

मात्र याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. हंगामाबाहेरच्या सहा महिन्यांत खोली पर्यटकांना देऊन मालकाला महिन्याला जेमतेम ४,४४० रुपये मिळतात. त्या काळात कोणी ७,००० रुपये देऊ केले, तर तो आनंदाने तयार होतो, फक्त एका अटीवर : ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी जागा मोकळी हवी. जूनमधील स्वस्त भाडे हे एका अर्थी सहा महिन्यांचेच भाडे असते. त्यात उरलेल्या सहा महिन्यांचे छप्पर धरलेले नसते. डिचोलीत असे घडत नाही, कारण तेथे त्या खोलीसाठी पर्यटक हा पर्यायच नसतो. मये येथील तलाव आणि नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे मंदिर पाहून माणसे संध्याकाळी परततात. तेथील भाडे औद्योगिक वसाहत, सरकारी कचेऱ्या, शाळा-महाविद्यालये आणि खाणी यांच्या पगारावर उभे असते. त्यालाही चढउतार आहेतच, पण ते ऋतूंचे नाहीत : २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले, तेव्हा पगार, ट्रकांची वर्दळ आणि त्यांच्या आधाराने चालणारे व्यवहार या सर्वांना एकदमच ओहोटी लागली.

हंगामी भाड्याचा हा प्रश्न केवळ बाजाराचा मानून सोडून देणे योग्य नाही. ज्या गावात शिक्षक, परिचारिका, स्वयंपाकी आणि विमानतळावरील सामान वाहणारे कामगार यांना ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत राहायला जागा मिळत नाही, त्या गावाचा हंगाम चालवणार कोण, याचा विचार पंचायतींनी आणि घरमालकांनीही करायला हवा. आज यांपैकी कित्येकजण पत्रादेवीची राज्यसीमा ओलांडून बांदा-सावंतवाडीहून किंवा दोडामार्गाहून रोज ये-जा करतात.

अकरा महिने का?

भाड्याचा करार जवळजवळ नेहमी ११ महिन्यांचाच का असतो, याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षे जुन्या कायद्यात आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीची भाडेपट्टी नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, आणि नोंदणी म्हटली की मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क व उपनिबंधकांच्या कचेरीतील खेप आली. मुदत वर्षाच्या आत ठेवली की ही सक्ती टळते. दुसरे कारण भाडे नियंत्रणाचे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत भाडी गोठवणारा कायदा झाला, पुढे १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला, आणि एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर काढणे दुरापास्त झाल्यामुळे मालकांनी ‘भाडेपट्टी’ हा शब्दच टाळून ‘परवाना’ हा शब्द स्वीकारला. गोव्यात मुक्तीनंतर १९६८ साली गोवा, दमण आणि दीव इमारती (भाडेपट्टी, भाडे आणि निष्कासन) नियंत्रण अधिनियम आला. त्यात भाडे नियंत्रक हे पद निर्माण करण्यात आले, आणि थकबाकी, परस्पर पोटभाडेकरू ठेवणे, मालकाची स्वतःची गरज अशी कायद्याने सांगितलेली कारणे दाखवल्याशिवाय भाडेकरूला बाहेर काढता येऊ नये, अशी व्यवस्था केली गेली. भाड्याच्या करारात मालकाची जी सावधगिरी दिसते, तिचे मूळ या इतिहासात आहे.

> चौकट : भाडेपट्टी आणि परवाना
>
> भाडेपट्टीत जागेवरील हक्काचा काही अंश ठरावीक काळापुरता भाडेकरूकडे जातो. तो जागेचा ताबेदार असतो, आणि कुलूप-किल्ली त्याची असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये तिची व्याख्या आहे.
>
> परवान्यात, म्हणजे ज्याला ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणतात त्यात, फक्त वापराची अनुमती मिळते. जागेवर हक्क निर्माण होत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये त्याची व्याख्या आहे.
>
> दोहोंतील फरक कागदाच्या मथळ्यावरून ठरत नाही. दिल्लीच्या इंपिरियल हॉटेलातील केशकर्तनालयाच्या खोल्यांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असे तत्त्व मांडले की, दस्तऐवजाचे नाव काहीही असो, त्याचा आशय आणि पक्षांचा हेतू पाहिला पाहिजे. जागेचा अनन्य ताबा दिला असेल, तर ती सकृद्दर्शनी भाडेपट्टी ठरते.

येथे सीमेचा मुद्दा येतो. दोडामार्ग महाराष्ट्रात आहे आणि डिचोली तालुक्याला अगदी लागून आहे. पण त्या रस्त्याने सीमा ओलांडली की कायदा बदलतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार परवान्याचा करार, मग तो ११ महिन्यांचा का असेना, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची, आणि ती न केल्यास अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. त्यामुळे पेडण्याच्या मालकाने दिलेला ‘इथे तर नोंदणी लागत नाही’ हा सल्ला बांद्याला खोली घेताना उपयोगी नाही, आणि पुणे-मुंबईची पद्धत जशीच्या तशी गोव्यात लागू पडेल असेही नाही.

अनामत रकमेबाबतही असाच गैरसमज आढळतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात राहत्या जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये अशी तरतूद आहे. परंतु तो नमुना आहे, आणि राज्याने स्वतः तसा कायदा केल्याशिवाय तो कोणावर बंधनकारक होत नाही. म्हणून अनामत किती, ती किती दिवसांत परत मिळणार आणि रंगसफेदीचे पैसे तिच्यातून कापणार का, या तिन्ही गोष्टी करारातच लिहून घ्याव्या लागतात.

घर कोणाचे, जमीन कोणाची

गोव्यात भाड्याने जागा घेताना मालक खरोखर मालक आहे का, हा प्रश्न इतर राज्यांपेक्षा अधिक काळजीने विचारावा लागतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कौटुंबिक कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती आणि पत्नी यांची मालमत्ता सामाईक होते, म्हणजे घराच्या निम्म्या भागावर जोडीदाराचा हक्क असतो. त्याशिवाय वारसांची वाटणी ‘इन्व्हेंटरी’ या प्रक्रियेने पूर्ण झालेली नसेल, तर एकाच घराचे अनेक सहहिस्सेदार असतात, आणि त्यांतील कित्येक पोर्तुगाल किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले असतात. एका भावाने दिलेली खोली दुसऱ्या भावाला मान्य नसली, तर मध्येच भाडेकरू भरडला जातो. म्हणून घरपट्टीची पावती, वीजबिलावरील नाव आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा पाहावा, आणि शक्य असेल तर करारावर जोडीदाराचीही सही घ्यावी.

घराची मालकी आणि जमिनीची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे डिचोली तालुक्यातील मये गावाइतके कोणी जाणत नाही. मयेच्या कोंदची, म्हणजे तेथील पोर्तुगीज उमरावाची, जमीन मुक्तीनंतर १९६४ च्या कायद्याखाली स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या ग्रामस्थांना स्वतःच्या घराखालच्या जमिनीच्या हक्कासाठी अनेक दशके झगडावे लागले. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांना १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. भाडे भरून राहणारा मात्र त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. त्याचे संरक्षण त्याच्या करारात आणि भाडे कायद्यात असते.

परगावच्या भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देणे घरमालकावर बंधनकारक आहे, आणि परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत कळवावी लागते. जी जागा पर्यटकांना दिली जाते ती १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी अधिनियमाखाली पर्यटन खात्याकडे नोंदवलेली असावी लागते. मालक अनिवासी भारतीय असेल, तर भाडे देताना प्राप्तिकराची उगमकपात करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, भाडे कितीही लहान असले तरी. ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते.

भिंत वाचावी कशी

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जांभ्याच्या चिऱ्यात बारीक छिद्रे असतात. समईच्या वातीत तेल चढते तसे जमिनीतील पाणी त्या छिद्रांतून भिंतीत वर चढते, वर चढताना क्षार बरोबर आणते, आणि पाणी उडून गेल्यावर ते क्षार रंगाखाली साचून रंगाचे फोड उठवतात. सिमेंटच्या विटांच्या इमारतीत ओल बहुधा वरून किंवा बाजूने, गच्चीच्या आणि खिडकीच्या फटींतून येते. मे महिन्यात ताजा रंग दिलेल्या खोलीत यांतले काही दिसत नाही. तरीही भिंत पूर्णपणे गप्प राहत नाही : कपाट थोडे पुढे ओढून मागे पाहावे, फरशीलगतच्या वीतभर पट्टीवरून बोट फिरवावे आणि पांढरी, खारट भुकटी लागते का ते पाहावे, न्हाणीघराच्या भिंतीच्या खोलीकडील बाजूला टिचकी मारून गिलावा पोकळ वाजतो का ते ऐकावे.

स्टुडिओत ओल अधिक जाचते, याचे कारण वाऱ्याच्या वाटेत आहे. हवा खेळायला एक वाट आत येण्याची आणि दुसरी बाहेर जाण्याची लागते. बहुतेक स्टुडिओंना बाहेरची भिंत एकच असते, दार बंद व्हरांड्यात उघडते, आणि त्यामुळे एका खिडकीतून आलेली हवा तिथल्या तिथे घुटमळते. त्यातच भाताच्या पातेल्याची वाफ, न्हाणीघरातील वाफ आणि वाळत घातलेल्या कपड्यांचा ओलावा एकाच खोलीत साठतो, थंड भिंतीला लागून पाण्याचे सूक्ष्म थेंब होतात आणि त्यांवर बुरशी धरते. ओट्यावर धूर बाहेर टाकणारा पंखा आणि दारावर झडप असलेली जागा म्हणूनच थोडे जास्त भाडे देऊनही घेण्याजोगी असते. न्हाणीघरात गॅसवर चालणारा गीझर असेल आणि तेथे हवेला वाट नसेल, तर ती जागा घेऊच नये. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू तयार होतो, आणि त्याने माणूस बेशुद्ध पडून दगावतो.

विजेच्या मीटरकडेही नीट पाहावे. वीज खात्याचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात, पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त असतात. पाच स्टुडिओंना मिळून एकच मीटर असेल आणि प्रत्येकात ९० युनिटे जळत असतील, तर मीटरवर ४५० युनिटे उमटतात आणि त्यांतील ३५० महागड्या टप्प्यांत जातात. स्वतंत्र मीटर असते, तर पाचही जण पहिल्याच टप्प्यात राहिले असते. पोटमीटर लावून मालक प्रत्येक युनिटामागे सरसकट एकच दर आकारत असेल, तर तो दर करारात लिहिलेला असावा. पाणी नळाचे की टँकरचे, आणि टँकरचे पैसे देखभाल खर्चात आहेत की वेगळे, हेही एप्रिल-मे डोळ्यांसमोर ठेवून विचारावे.

सहीपूर्वीचा एक शब्द

करारात ‘लॉक-इन’ नावाचे एक कलम असते. त्याचा अर्थ असा की, ठरलेल्या काळात मालकाला जागा परत मागता येत नाही आणि भाडेकरूलाही सोडता येत नाही. भाडेकरू सहसा या कलमाला बिचकतो, कारण नोकरी बदलली तर काय, ही धास्ती त्याला असते. किनारपट्टीवर मात्र हेच कलम त्याच्या बाजूचे असते, कारण तेथे करार मध्येच मोडण्याची ओढ मालकाला अधिक असते. हे कलम दोघांवर सारखेच लागू आहे, की मालकाला एक महिन्याच्या सूचनेने सुटण्याची मोकळीक ठेवली आहे, हे ओळ न ओळ वाचून पाहावे. भाडे बँकेतून द्यावे. रोख द्यावे लागलेच तर दर महिन्याची पावती घ्यावी.

आणि पेडण्यात वर्षभर राहायचेच असेल, तर जूनमधल्या स्वस्त भाड्यावर समाधान न मानता थोडे अधिक भाडे देऊन, ऑक्टोबर ते मार्च ज्याच्या मुदतीत स्पष्टपणे येतात असा, वर्षाहून अधिक मुदतीचा नोंदणीकृत करार मागावा. नोंदणीचा खर्च मालकाने आणि भाडेकरूने निम्मा-निम्मा वाटून घेता येतो, आणि उपनिबंधकांची कचेरी पेडण्यातही आहे, डिचोलीतही आहे.